सिंटर बुश पुन्हा पुन्हा जातोय? कारण कुठल्या क्रमाने शोधायचं

१२-१५ मिलिमीटरच्या शाफ्टवर ब्राँझचा नवा सिंटर बुश (धातूची पूड दाबून-भाजून केलेली, शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) टाकला, महिनाभर बरा चालला आणि मग परत तोच आवाज. परत नवा बुश, परत तेच. एक्झॉस्ट फॅन, सूत गुंडाळणाऱ्या कांडी मशीनची मोटर, छोटे ब्लोअर, ट्रॅक्टरचा स्टार्टर, मिक्सर अशा सगळीकडे हा एकच रोग आढळतो. दुकानात या बुशला ‘ऑइललेस’ म्हणतात आणि निम्मा घोटाळा त्या नावातच आहे. याच्या पोटात तेल असतं, आणि ते संपलं की बुशचं आयुष्य संपतं.

आधी लक्षणं नीट ओळखा

आवाज कधी येतो ते सगळ्यात आधी पाहा. चालू करताना किंचाळतो आणि पाच-दहा मिनिटांत गप्प होतो, म्हणजे बुशमध्ये तेल कमी उरलंय. गरम झाल्यावर उरलंसुरलं तेल फुगून बाहेर येतं, म्हणून तो शांत होतो. याउलट सुरुवातीला शांत आणि तापल्यावर किंचाळतो, तर क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली मोकळी जागा) कमी आहे किंवा भार जास्त आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे मशीन थंड असताना चालू करून पहिली दहा मिनिटं त्याच्याजवळ उभं राहावं.

बाकीच्या खुणा अशा:

- बुशच्या तोंडाशी काळी पेस्ट जमते. पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरली की सोनेरी चमक दिसते. ती बुशची झीज.
- आयडी (आतला व्यास) एकाच बाजूला खाल्ली जाऊन लंबगोल होते. बेल्टची ओढ.
- दोन्ही तोंडं कर्ण्यासारखी पसरतात. पुढचा आणि मागचा बुश एका रेषेत नाहीत.
- बुश बरा, पण शाफ्टवर खाचा. बुशमध्ये कचकच (रेतीसारखे कडक कण) रुतली आहे.
- बुश शाफ्टबरोबर फिरतो. हाउसिंगमधली (बुश बसतो त्या भोकातली) पकड गेली.
- बुशच्या कडा चुरगळतात, दाणे सुटतात. इथे बुश बनवतानाच काही चुकलं असण्याची शंका घ्यायची.

यातलं शेवटचं लक्षण क्वचित दिसतं. तरी ‘माल खराब आहे’ हे वाक्य सगळ्यात आधी तोंडी येतं. खालच्या तपासण्या स्वस्तापासून महागाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका.

हा बुश आतून कसा असतो

ओतीव गनमेटल भरीव असतं. सिंटर बुशमध्ये साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के कथील यांची पूड साच्यात दाबतात आणि ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून, हवा लागू न देता, नेतात. यालाच सिंटरिंग म्हणतात. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, त्यामुळे ते घनच राहतं. कथील मात्र २३२ अंशांलाच वितळतं, शेजारच्या तांब्याच्या कणांमध्ये शिरतं आणि स्वतःच्या जागी पोकळी सोडून जातं. कण जिथे टेकतात तिथे जोडले जाऊन बारीक सांधे बनतात, त्यांना माना म्हणतात; मधे छिद्रांचं जाळं राहतं. चांगल्या बुशची कोरडी घनता ६.४ ते ६.८ ग्रॅम प्रति घन सेंमी असते. भरीव ब्राँझची असते ८.८. म्हणजे जवळपास पाव भाग पोकळ, आणि त्या पोकळीत तेल.

शाफ्ट फिरला की तेल ओढलं जाऊन मधे फिल्म बनते. थांबला की छिद्रं ते परत शोषतात. घर्षण कमी राहतं ते या ये-जा करणाऱ्या तेलामुळे. म्हणून पुढच्या प्रत्येक तपासणीत विचारायचे प्रश्न दोनच आहेत: छिद्रं उघडी आहेत का, आणि त्यांत तेल आहे का?

तपासणी १: चुंबक आणि वजनकाटा

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मग मशीन उघडा. नव्या बुशला चुंबक लावा. चिकटला तर त्यात लोखंड आहे. लोखंड मिसळलेला बुश म्हणजे फसवणूकच असं नाही, तसे बुश मुद्दाम बनवले जातात आणि स्वस्तही पडतात. पण मऊ शाफ्टवर ते जास्त आवाज करतात, आणि ओल धरली की गंजतात. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात जून ते सप्टेंबर बंद पडून राहणाऱ्या मशीनवर ते टाकू नयेत.

मग वजन. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. उदाहरण घेऊ: आयडी १२, ओडी (बाहेरचा व्यास) १८, लांबी १६ मिमी.

आकारमान = ०.७८५४ × (१८² − १२²) × १६ = सुमारे २२६२ घन मिमी, म्हणजे २.२६ घन सेंमी. असा बुश तेलासकट साधारण १५ ते १६ ग्रॅम भरायला हवा. २० ग्रॅमच्या जवळ भरला तर तुमच्या हातात भरीव ओतीव बुश आहे. त्यात तेल राहणारच नाही. बाहेरून वंगण न देता तो लावला तर महिनाही काढणार नाही.

तपासणी २: तेलाचा थेंब

बुश कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा. आडवा धरून आतल्या पृष्ठभागावर टर्बाइन ऑइलचा एक छोटा थेंब सोडा आणि बघत राहा. थेंबाची कडा आधी पातळ होते, मग फुगवटा बसतो आणि दोन-चार मिनिटांत ओला डाग तेवढा उरतो. असं झालं तर छिद्रं उघडी आहेत, पण आत तेल नाही. थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला तर दोन शक्यता उरतात: बुश तेलाने पूर्ण भरलेला आहे, किंवा छिद्रं बुजली आहेत.

कुठलं खरं ते उष्णता सांगते. हॉट एअर गनने बुश इतका तापवा की पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होईल. तेल धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, त्यामुळे चांगला बुश आतल्या पूर्ण पृष्ठभागावर बारीक घाम सोडतो. घाम फक्त दोन्ही तोंडांवर आणि बाहेरून आला आणि आतली बाजू कोरडी चकचकीत राहिली, तर आतली छिद्रं बंद आहेत. गॅसच्या ज्योतीवर हे करू नका. तेल करपून त्याचा डिंक होतो आणि चांगला बुशही वाया जातो.

तपासणी ३: बुश लावण्याआधी कसा ठेवला, कसा धुतला

या एका कारणाने गेलेल्या बुशांची संख्या मोठी आहे. नवा बुश रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरमध्ये बुडवून ‘स्वच्छ’ करायची सवय अनेक फिटरना असते. बॉल बेअरिंगला ते चालतं. इथे सॉल्व्हंट छिद्रांत शिरून तेल बाहेर काढतं आणि पातळ करून टाकतं. नवा बुश फक्त पुसायचा.

साठवणही तितकीच महत्त्वाची. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून किंवा खोक्यात सुटे टाकलेले बुश वर्षभरात कोरडे होतात, कारण कागद तेल शोषतो. कागदावर बुशच्या आकाराचा तेलकट गोल दिसला की समजा, तेल तिकडे गेलं. बुश प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा.

बेळगावात शहापूर-वडगावच्या मागवाल्या (कापड विणणाऱ्यांच्या) गल्ल्यांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. सुताचा फुफाटा बुशच्या तोंडाशी जमतो आणि समईच्या वातीसारखं तेल ओढून घेतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बुश चांगला तेलकट आहे. खरं तर सगळं तेल कापसात गेलेलं असतं. तिथे आठवड्यातून एकदा ब्रशने फुफाटा काढणं नवा बुश आणण्याइतकंच मोलाचं आहे. जागा असेल तर बुशच्या बाहेर तेलात भिजवलेला फेल्ट बसवा. तो बुशला मागून तेल पुरवत राहतो.

*कोरडा पडलेला, पण न झिजलेला बुश पुन्हा भरता येतो.* आयएसओ व्हीजी ६८ (तेलाच्या घट्टपणाचा दर्जा) चं टर्बाइन किंवा हायड्रॉलिक तेल छोट्या डब्यात घ्या, बुश त्यात पूर्ण बुडवा आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. तेल ७० ते ८० अंशांवर राहू द्या. पाण्याचा थेंबही तेलात जाता कामा नये. सुरुवातीला बुशमधून बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत, साधारण तासभर, ठेवा. मग बुश बाहेर न काढता तेलातच थंड होऊ द्या. ही पायरी घाईत वगळली जाते आणि तिथेच सगळी मेहनत वाया जाते: थंड होताना छिद्रांतली हवा आकसते आणि तेव्हाच तेल आत ओढलं जातं. आधी आणि नंतर वजन करा. वरच्या मापाच्या पूर्ण कोरड्या बुशमध्ये ०.३५ ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी.

इंजिन ऑइल टाळा. ग्रेफाइट किंवा मोली मिसळलेलं तेल अजिबात नको, त्यातले कण छिद्रांच्या तोंडाशी अडकून बसतात. ग्रीसचाही तोच प्रकार. तुमच्या बुशमध्ये ग्रीस निपल पाडलेला असेल तर तो आता ऑइल बुश म्हणून चालत नाही, साधा ग्रीसचा बुश म्हणून चालतोय आणि त्याला तसंच नियमित ग्रीस द्यावं लागेल.

तपासणी ४: शाफ्ट

नखाचं टोक शाफ्टवरून लांबीच्या दिशेने फिरवा. कुठे अडकलं तर त्या शाफ्टवर दहा बुश टाकले तरी दहाही जाणार. तेलाची फिल्म काही मायक्रॉनचीच असते. शाफ्टवरचे उंचवटे तिच्यापेक्षा मोठे असले की धातूला धातू लागतो. शाफ्ट ग्राइंड केलेला हवा, खडबडीतपणा ०.२ ते ०.४ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणाचं माप). कडकपणा किमान ३० एचआरसी (रॉकवेल कडकपणाचं माप). बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीची रेती हवेत असते. ती क्वार्ट्झची, साध्या शाफ्टपेक्षा कडक. तिथे इंडक्शन हार्डन केलेला शाफ्ट घ्या आणि सील लावा. नुसता ब्राइट बार कापून बसवला तर तो आधी झिजतो आणि मग बुशलाही खातो.

शाफ्टला गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून, पुसून, मगच बुशमध्ये घाला. बुशमध्ये घातल्यावर घासू नका. चावीघाटाच्या (चावी बसते त्या खाचेच्या) धारेवर टेप गुंडाळून मग शाफ्ट सरकवा.

तपासणी ५: बसवणी

इथे थोडं थांबायला हवं, कारण छिद्रं बुजतात ती बहुतेक वेळा इथेच.

हाउसिंगमध्ये बुश २० ते ५० मायक्रॉन दाबात बसतो, म्हणजे त्याची ओडी भोकापेक्षा तेवढी मोठी असते. जाड लोखंडी हाउसिंगमध्ये ओडी जितकी दाबली जाईल जवळपास तितकीच आयडी आकसते. म्हणून दुकानात शाफ्टवर सैल वाटणारा बुश बसवल्यावर घट्ट होतो. मग फिटर रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) आणतो किंवा काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवतो. शाफ्ट आत जातो आणि काम झालं असं वाटतं. पण रीमरने मऊ ब्राँझ लोण्यासारखं पसरून छिद्रांची तोंडं लिंपली जातात. पेपरमधली कचकच छिद्रांत घट्ट बसते आणि तिथून शाफ्टला कानसत राहते. वर सांगितलेलं ‘आतून चकचकीत, घाम नाही’ हे लक्षण बहुतेक वेळा याचंच असतं.

योग्य रीत अशी: कडक, पॉलिश केलेला मँड्रेल (बुशच्या आत घालायचा मापाचा दांडा) बनवून घ्या. त्याचा व्यास बसवणीनंतर हव्या असलेल्या आयडीपेक्षा ३ ते ५ मायक्रॉन जास्त. बुश मँड्रेलवर चढवून आर्बर प्रेसने एका दमात सरळ दाबा, मग मँड्रेल ओढून काढा. आयडी मँड्रेलवर आकसून नेमक्या मापाला येते. हातोडीने ठोकला तर एक तोंड पसरतं आणि बुश तिरका जातो. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन ओढत बसवा.

१२ मिमी शाफ्टला क्लिअरन्स १२ ते २५ मायक्रॉन, म्हणजे अर्धा ते एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). मोजायला मायक्रोमीटर आणि बोअर गेज लागतो. व्हर्नियरने हे काम होत नाही, त्याचा अंदाज इथे चुकतोच. आयडी मोठी करणं टळतच नसेल, तर लेथवर नवी धारदार कार्बाइड टीप लावून अगदी हलका कट घ्या. ग्राइंडिंग किंवा होनिंग नको.

तपासणी ६: भार आणि वेग

दाब गुणिले वेग हा आकडा या बुशसाठी १.७५ मेगापास्कल-मीटर प्रति सेकंदाच्या आत असावा. सतत चालणाऱ्या मशीनला त्याच्या निम्म्यावर राहणं बरं. १२ मिमी शाफ्ट १४४० आरपीएमवर म्हणजे वेग ०.९ मीटर प्रति सेकंद. १६ मिमी लांब बुशचं क्षेत्र १२ × १६ = १९२ चौ. मिमी. बेल्टची ओढ २० किलो असेल तर दाब १.०२ मेगापास्कल आणि गुणाकार ०.९२. चालेल. तोच बेल्ट ‘घसरू नये’ म्हणून ५० किलो ओढीने ताणला की गुणाकार २.३ वर जातो. तेल कितीही असो, हा बुश टिकणार नाही. लंबगोल झिजलेला बुश हातात असेल तर नवा आणायच्या आधी बेल्ट सैल करा.

हळू, मागे-पुढे हलणारी किंवा मार खाणारी जागा असेल तर सिंटर बुश मुळातच चुकीचा आहे. तिथे तेलाची फिल्म बनायला लागणारा वेगच मिळत नाही. मागाच्या मार खाणाऱ्या जागी ओतीव गनमेटल आणि रोजचं तेल हेच बरोबर. तापमानाचंही तसंच. ९० अंशांपुढे साधं तेल पातळ होऊन जळायला लागतं. गुऱ्हाळात चुलवाणाजवळच्या ब्लोअरला मधे पत्र्याचा आडोसा द्या, नाहीतर जास्त उष्णता सोसणारं तेल भरलेला बुश मागवा.

तपासणी ७: आता सिंटरिंगवर संशय घ्या

वरचं सगळं बरोबर असूनही एकाच खेपेचे बुश जात असतील, तरच इथे या. त्या खेपेतला एक न वापरलेला बुश बळी द्यावा लागेल.

तो व्हाइसमध्ये आडवा धरून हळूहळू आवळा. डोळ्यांवर चष्मा हवा. चांगला बुश आधी दबून अंडाकृती होतो, बऱ्यापैकी वाकतो आणि मग फाटतो. फाटलेली कड एकसारख्या सोनेरी-तांबूस रंगाची, बारीक दाण्यांची दिसते. कच्चा बुश फारसा न वाकता बिस्किटासारखा मोडतो आणि बोटाने चोळला तर दाणे सुटतात. भिंगाखाली त्यात लालसर तांब्याचे आणि करड्या कथिलाचे ठिपके वेगवेगळे दिसतात.

भट्टीत कमी तापमान किंवा कमी वेळ मिळाला की कणांमधल्या माना बारीक राहतात आणि कथील पूर्ण मुरत नाही. घर्षणात आधी हे सैल कण उखडतात. कथिलाचं प्रमाण जास्त राहिलेले करडे भाग कडक आणि ठिसूळ असतात. ते सुटले की शाफ्ट आणि बुशच्या मधे फिरत दोघांनाही ओरबाडतात. झीज सुरुवातीलाच जोरात होते, काळी पेस्ट पहिल्याच आठवड्यात येते.

भट्टीत हवा शिरली असेल तर प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि माना जुळतच नाहीत. मोडलेली कड तपकिरी-काळपट दिसते. पूड दाबताना मिसळलेलं मेणासारखं वंगण नीट जळून गेलं नसेल तर आत काजळी राहते किंवा पृष्ठभागावर फोड येतात.

जास्त भाजलेला बुश ओळखणं अवघड, कारण तो मजबूत असतो आणि व्हाइसमध्ये छान वाकतो. पण त्याची छिद्रं गोल होऊन एकमेकांपासून तुटतात, काही पूर्ण मिटतात. शिवाय माप आकसतं, मग कारखान्यात ते मापाला आणताना जास्त दाबावं लागतं आणि पृष्ठभाग लिंपला जातो. तेल कमी बसतं, आतलं तेल बाहेर येत नाही, घर्षण वाढतं. त्याची खूण वजनात मिळते: वरच्या मापाचा बुश १६.५ ग्रॅमच्या वर गेला आणि तेलात भरूनही वजन जेमतेम वाढलं, तर शंका रास्त आहे.

ग्रेफाइट घातलेले बुशही मिळतात. ग्रेफाइट तांब्यात विरघळत नाही; ते वंगण देतं, पण कणांच्या मधे येऊन माना कमजोरही करतं. मार नसलेल्या जागीच ते वापरा.

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटवरची बटणंही याच घराण्यातली: तांबं, कथील, ग्रेफाइट आणि सोबत पकड वाढवणारे कडक कण. तिथे घर्षण हवंच असतं, म्हणून वरचा तेलाचा एकही उपाय त्यांना लावू नका. बटण कडेने चुरगळत असेल किंवा पाठीच्या पत्र्यापासून सुटत असेल तर प्लेट बदलणं हाच मार्ग.

कुठे थांबायचं

हाउसिंगचं भोकच लंबगोल झालं असेल तर चिकटवणारं द्रव लावून बुश बसवू नका. लेथवाल्याकडून भोक बोअर करून स्लीव्ह टाकून घ्या. दोन बुश एका रेषेत नसतील किंवा शाफ्ट डायल गेजवर ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलत असेल तर तेही मशीन शॉपचं काम. मोटरच्या वायंडिंगचा जळका वास आला, किंवा बुश झिजून रोटर आतल्या पत्र्यांना घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मोटर चालू न करता वायंडिंगवाल्याकडे न्या. लिफ्ट, होइस्ट, स्टिअरिंग आणि ब्रेक यांतल्या बुशला स्वतः हात लावू नका. तिथे कंपनीचाच पार्ट आणि जाणकार मेकॅनिकच हवा.

सिंटरिंगचा दोष पक्का करून पुरवठादाराकडे तक्रार करायची असेल तर धातुपरीक्षण प्रयोगशाळा गाठा. घनता, तेलाचं प्रमाण, सूक्ष्मदर्शकाखालची रचना आणि आडवा दाबून मोडण्याचा भार, या चार चाचण्या मागा. वरच्या मापाच्या ९०-१० ब्राँझ बुशने साधारण १७५ किलोपर्यंतचा भार न मोडता सोसायला हवा. सोबत एकाच खेपेचे पाच-सहा न वापरलेले बुश, झिजलेला एक आणि तो ज्या शाफ्टवर चालला तो शाफ्ट द्या. प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बांधा, आणि झिजलेला बुश पुसू नका. तोंडाशी जमलेली ती काळी पेस्टही तपासायची असते.